ग्रहांमधली अंतरे आणि अंतराळ-उड्डाणाचे गेम

अंतराळात यान चालवण्याचा गेम तयार करताना सर्वांत अवघड ठरते ते ग्रहांमधले अंतर. तारे, ग्रह, यानाची केबिन, शत्रूची याने हे सगळे पडद्यावर उभे करता येते. पण एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये जी अफाट रिकामी जागा लागते, तिचे काय करायचे हे प्रत्येक गेमला ठरवावेच लागते. अशा गेममध्ये प्रवासाचे दोन प्रकार असतात. एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जाण्यासाठी बहुतेक गेम ‘हायपरस्पेस’ची उडी देतात. ती काही सेकंदांत संपते आणि त्या वेळात खेळाडूच्या हातात फारसे काही नसते. दुसरा प्रवास एकाच ताऱ्याच्या कुटुंबातला असतो: सूर्यापासून गुरूपर्यंत, ग्रहापासून त्याच्या चंद्रापर्यंत, चंद्रापासून अवकाशस्थानकापर्यंत. इथे सुकाणू खेळाडूच्या हातात असते आणि यान चालवण्याचे खरे कसब इथेच लागते. या प्रकरणात या दुसऱ्या प्रवासाचा विचार केला आहे.

अंतर किती मोठे?

सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. त्याला एक खगोलीय एकक म्हणतात. हे एकक १ किलोमीटरएवढे धरून सूर्यमाला सोलापूरच्या नकाशावर मांडली, तर अंतरांचा अंदाज येतो. सिद्धेश्वर मंदिराच्या जागी सूर्य ठेवला तर तो सव्वानऊ मीटर व्यासाचा गोळा होईल. पृथ्वी त्याच्यापासून १ किलोमीटरवर असेल, आणि तिचा व्यास जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरेल. चंद्र पृथ्वीपासून अडीच मीटरवर येईल. मंगळ दीड किलोमीटरवर, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या आसपास. गुरू ५.२ किलोमीटरवर. शनी साडेनऊ किलोमीटरवर, पुणे रस्त्याला केगावच्या विद्यापीठाजवळ. त्याच दिशेने पुढे १९ किलोमीटरवर युरेनस आणि ३० किलोमीटरवर, मोहोळच्या थोडे अलीकडे, नेपच्यून. प्लूटोचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस किलोमीटर येते. म्हणजे तो उलट दिशेला अक्कलकोटच्या जरा पुढे. १९७७ साली निघालेले ‘व्हॉएजर १’ हे यान आज नकाशावर सरळ रेषेने दौंडच्या आसपास पोहोचलेले दिसेल.

या नकाशावर प्रकाशाचा वेगही मोजता येतो. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात. म्हणजे सोलापूरच्या या मांडणीत प्रकाश सेकंदाला दोन मीटर, ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने जातो. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग याहून फार कमी नसतो. विश्वातली सर्वांत वेगवान गोष्ट मंदिरापासून मोहोळपर्यंत पोहोचायला चार तासांहून अधिक वेळ घेते. व्हॉएजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावते. या नकाशावर ते दिवसाला जेमतेम दहा मीटर सरकते.

गेम तयार करणाऱ्यांची अडचण या दोन आकड्यांतून पुरती कळते. खऱ्या यानांचा वेग तर सोडाच, पण यानाला थेट प्रकाशाचा वेग दिला तरी नेपच्यूनला जाणारा खेळाडू चार तास पडद्यासमोर बसून राहील.

खरे यान कसे जाते

गेमनी काय बदलले हे समजण्यासाठी खरा प्रवास कसा होतो ते आधी पाहायला हवे. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२५ या प्रक्षेपकावरून निघाले.   

मंगळयान सरळ मंगळाकडे झेपावले नाही. आधी पृथ्वीभोवती फिरत, इंजिन पुन्हा पुन्हा पेटवून त्याने आपली कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवली. १ डिसेंबरच्या पहाटेआधी शेवटचा जोर लावून ते सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळाकार वाटेला लागले. त्यानंतरचे जवळपास दहा महिने ते मुख्य इंजिन बंद ठेवून, मुख्यतः मिळालेल्या गतीवर आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाखाली वाहत राहिले. कमीत कमी इंधनात एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत जाण्याची ही वाट जर्मन अभियंता वाल्टर होमान यांनी १९२५ साली मांडली. पृथ्वी आणि मंगळ यांची जागा तिच्यासाठी जुळून यावी लागते, आणि तसा मुहूर्त साधारण २६ महिन्यांनी एकदा येतो.

या मोहिमेतला सर्वांत कठीण क्षण शेवटी आला. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यानाला मंगळाजवळ वेग कमी करायचा होता. तसे झाले नसते तर मंगळाला वळसा घालून ते पुढे निघून गेले असते. सुमारे ३०० दिवस बंद राहिलेले मुख्य इंजिन पेटेल का, याची खात्री करण्यासाठी दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून पाहिले. मग ऐन वेळी ते सुमारे २३ मिनिटे चालले आणि यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने कमी झाला. त्या वेळी पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोहोचायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. त्यामुळे थांबण्याचे सगळे काम यानाला स्वतःच्या संगणकाच्या भरवशावर करावे लागले. उड्डाणाच्या वेळी यानाचे वजन १,३३७ किलो होते आणि त्यातले ८५२ किलो इंधन होते. वेग वाढवणे आणि वेग मारणे या दोन कामांची किंमत या आकड्यात दिसते.

‘न्यू होरायझन्स’ हे यान जानेवारी २००६ मध्ये निघून जुलै २०१५ मध्ये प्लूटोजवळ पोहोचले. तिथे थांबण्याइतके इंधन नेणे शक्यच नव्हते. साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर ते सेकंदाला जवळपास १४ किलोमीटर वेगाने प्लूटोला ओलांडून गेले. पोहोचणे आणि थांबणे ही अंतराळात दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याइतकेच जड आहे. चांगल्या अंतराळ-गेमनी नेमकी हीच गोष्ट पकडली आहे.

गेमनी काढलेले चार मार्ग

पहिला मार्ग अंतर लहान करण्याचा. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने २०११ साली पहिल्यांदा लोकांसमोर आणलेल्या आणि २०१५ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मध्ये खेळाडूचा मूळ ग्रह कर्बिन हा ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. ग्रहांमधली अंतरेही साधारण याच प्रमाणात कमी केलेली आहेत. गुरुत्वाकर्षण, कक्षा आणि इंधनाचा हिशेब मात्र खऱ्यासारखाच चालतो. त्यामुळे मंगळयानाची वाट समजून घ्यायला हा गेम आजही उत्तम शिक्षक आहे.

दुसरा मार्ग काळ पळवण्याचा. कर्बलमध्ये खेळातले घड्याळ एक लाख पटीपर्यंत वेगाने फिरवता येते. मंगळयानासारखा दहा महिन्यांचा प्रवास या गतीने साडेचार मिनिटांच्या आत संपतो. ही कल्पना जुनी आहे. डेव्हिड ब्रेबेन यांच्या १९९३ सालच्या ‘फ्रंटियर: एलिट २’मध्ये न्यूटनच्या नियमांनी चालणारे यान आणि खऱ्या मापाची सूर्यमाला होती, आणि लांबचा प्रवास सुसह्य व्हावा म्हणून काळाची गती वाढवण्याची सोय होती. तिथले यान अर्ध्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवी, मग उलटे फिरून उरलेल्या अर्ध्या वाटेत वेग मारी. हे तत्त्व पक्के शास्त्रीय आहे. पृथ्वीवर आपल्याला जाणवते तेवढ्या त्वरणाने सतत इंजिन चालवता आले, तर एक खगोलीय एकक अंतर सुमारे तीन दिवसांत आणि नेपच्यूनपर्यंतचे अंतर सुमारे सोळा दिवसांत, थांबण्यासकट, पार होईल. आजच्या कोणत्याही यानाला इतके इंधन नेता येत नाही, हीच काय ती अडचण.

काळ पळवण्याला एक कठोर मर्यादा आहे. एकाच विश्वात हजारो लोक एकाच वेळी खेळत असतील, तर कोणा एकाचे घड्याळ पळवता येत नाही. एकाचे दहा महिने उलटले आणि शेजाऱ्याचे एकच मिनिट झाले, तर दोघांची भेट कुठल्या क्षणी व्हायची? म्हणून अनेक खेळाडूंच्या ऑनलाइन गेमना हा मार्ग बंदच असतो.

तिसरा मार्ग ठरावीक वाटा बांधण्याचा. २००३ सालच्या ‘फ्रीलान्सर’मध्ये ग्रहांना जोडणाऱ्या वेगवान व्यापारी मार्गिका होत्या, त्यांत शिरले की यान कडी-कडीने पुढे ढकलले जाई. त्याच वर्षी आलेल्या आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये खेळाडू गंतव्य निवडतो, यान त्या दिशेला वळून पुरेसा वेग घेते आणि मग सेकंदाला काही खगोलीय एकके या गतीने थेट तिथे पोहोचते. प्रवास आपोआप होतो. कसब लागते ते निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या क्षणी, जेव्हा शत्रू गाठू शकतो.

चौथा मार्ग यानालाच प्रकाशापेक्षा वेगवान करण्याचा, पण सुकाणू खेळाडूच्याच हातात ठेवण्याचा. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिलेल्या ‘एलिट’मध्ये त्याचे बीज आहे. तिथे एक कळ दाबली की यान मोठी झेप घेई. जवळ ग्रह, सूर्य किंवा दुसरे यान असेल तर मात्र झेप नाकारली जाई. वस्तुमानाजवळ वेगाला बंदी हा नियम तीस वर्षांनी अधिक सुबक होऊन परत आला.

सुपरक्रूझ: वेगाचा आणि वस्तुमानाचा हिशेब

डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘एलिट डेंजरस’मध्ये सुमारे ४०० अब्ज तारामंडळांची, म्हणजे ताऱ्यांच्या कुटुंबांची, आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे. तारामंडळाच्या आत फिरण्याच्या पद्धतीला तिथे ‘सुपरक्रूझ’ म्हणतात. ‘फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह’ नावाचे यंत्र यानाभोवतीचे अवकाशच सरकवते अशी त्यामागची कल्पना आहे, त्यामुळे प्रकाशवेगाची मर्यादा आड येत नाही. सुपरक्रूझमधला किमान वेग सेकंदाला ३० किलोमीटर आणि कमाल वेग प्रकाशाच्या सुमारे दोन हजार पट असतो.

यातली खरी गंमत वेगमर्यादेच्या नियमात आहे. ग्रहाजवळ किंवा ताऱ्याजवळ यान हळू चालते. त्यांच्यापासून दूर, मोकळ्या जागेत गेले की वेग आपोआप वाढत जातो. म्हणून जाणकार खेळाडू ग्रहावरून निघताना आधी त्याच्यापासून सरळ दूर जातो आणि मगच इच्छित दिशेला वळतो. दोन चंद्रांच्या मधून जाणारी जवळची वाट पुष्कळदा लांबच्या वाटेपेक्षा जास्त वेळ खाते. अंतराची माप-पट्टी किलोमीटरऐवजी प्रकाश-सेकंदात असते. एक प्रकाश-सेकंद म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर.

नवखा खेळाडू चुकतो तो थांबताना. लक्ष्य जवळ येताना तो पूर्ण जोर ठेवतो, यान स्थानकाला ओलांडून लाखो किलोमीटर पुढे जाते, आणि मोठा वळसा घेऊन परत यावे लागते. यावर खेळाडूंनी शोधलेला तोडगा साधा आहे. पडद्यावर लक्ष्य गाठायला उरलेला वेळ दिसतो. तो सात सेकंदांवर आला की थ्रॉटल (वेगाचे नियंत्रण) तीन-चतुर्थांशावर, निळ्या पट्ट्यात आणायचा, आणि मग तो आकडा सहा-सात सेकंदांवरच टिकवून ठेवायचा.

हा नियम कसा काम करतो ते पाहण्यासारखे आहे. उरलेला वेळ सतत सात सेकंद ठेवायचा म्हणजे वेग नेहमी उरलेल्या अंतराच्या सातव्या हिश्शाएवढा ठेवायचा. अंतर कमी झाले की वेगही तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. गणिताच्या भाषेत दर सात सेकंदांनी अंतर मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते. स्थानक १,००० प्रकाश-सेकंद दूर असताना हा नियम सुरू केला, तर सात सेकंदांनी ३६८, चौदा सेकंदांनी १३५, एकवीस सेकंदांनी ५० आणि पस्तीस सेकंदांनी सात प्रकाश-सेकंदांहून कमी अंतर उरते. शेवटच्या टप्प्यात अंतर १,००० किलोमीटरच्या आत आणि वेग सेकंदाला १,००० किलोमीटरच्या खाली आला, की यान सुरक्षितपणे सुपरक्रूझमधून बाहेर पडते. याहून जास्त वेगात बाहेर पडले तर यानाचे भाग दुखावतात. मंगळयानाला २३ मिनिटांत जे साधावे लागले, तेच इथे खेळाडूला सुमारे दीड मिनिटात स्वतःच्या हाताने साधावे लागते.

वाटेत धोकाही असतो. दुसरा खेळाडू किंवा संगणकाने चालवलेला लुटारू मागून येऊन यानाला सुपरक्रूझमधून ओढून बाहेर काढू शकतो. त्या झटापटीत सुटकेचा मार्ग दाखवणाऱ्या खुणेवर यानाचे नाक धरून ठेवावे लागते. मौल्यवान माल भरलेल्या व्यापारी यानाला म्हणूनच सर्वांत सरळ वाट नेहमीच सर्वांत चांगली नसते.

हटन ऑर्बिटल: दीड तासाचा प्रवास

या गेममधला सर्वांत प्रसिद्ध लांबचा प्रवास अल्फा सेंटॉरीत आहे. हा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी. तिथे दोन मोठे तारे एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा सेंटॉरी नावाचा मंद लाल तारा, त्यांच्यापासून फार दूर आहे. रॉबर्ट इनेस यांनी तो १९१५ साली शोधला. मोठ्या जोडीपासून त्याचे अंतर सुमारे १३,००० खगोलीय एकके, म्हणजे प्रकाशवर्षाच्या पाचव्या हिश्शाएवढे आहे. गेमने हे खरे अंतर जवळपास तसेच ठेवले. हायपरस्पेसची उडी मात्र यानाला मुख्य ताऱ्याजवळच आणून सोडते. ‘हटन ऑर्बिटल’ हे स्थानक प्रॉक्सिमाच्या बाजूला आहे. परिणामी तिथे जाणाऱ्याला ०.२२ प्रकाशवर्ष अंतर सुपरक्रूझनेच कापावे लागते. सिद्धेश्वर मंदिरापासून १ किलोमीटरवर पृथ्वी मांडणाऱ्या नकाशावर हे अंतर सोलापूर ते न्यूयॉर्कपेक्षाही थोडे जास्त भरते.

या प्रवासाला पूर्वी सुमारे दीड तास लागे. हिशेब केला तर सरासरी वेग प्रकाशाच्या सुमारे १,२५० पट येतो. तरीही खेळाडूला दीड तास एकाच ठिपक्याकडे पाहत बसावे लागे. विशेष म्हणजे लोकांना हे आवडले. हटनला जाऊन तिथला खास मग विकत घेणे ही खेळाडूंमध्ये अभिमानाची गोष्ट झाली, आणि ‘हटन ऑर्बिटल ट्रकर्स’ या नावाने त्यांचा एक मोठा गटही उभा राहिला. कंटाळवाणा वाटणारा हा प्रवास लोकप्रिय झाला, कारण आकाशातल्या अंतराची जाणीव तो देतो. आकडे वाचून ती येत नाही.

पुढच्या काळात गेमने सोयी वाढवल्या. २०१९ साली ‘सुपरक्रूझ असिस्ट’ नावाचे यंत्र आले. लक्ष्यासमोर यान धरले की वेग सांभाळून योग्य जागी थांबण्याचे काम ते स्वतः करते. २०२४ साली ‘ओव्हरचार्ज’ची सोय असलेले नवे ड्राइव्ह आले. त्याने काही काळ प्रचंड वेग मिळतो, पण इंधन झपाट्याने संपते, यान तापते आणि नेमकी दिशा धरणे अवघड होते. हटनचा दीड तासाचा प्रवास त्यामुळे खूप आखडला. वेग हवा असेल तर त्याची किंमत इंधनात, उष्णतेत आणि नियंत्रणात मोजायची, हा खऱ्या अंतराळप्रवासाचा नियम इथेही कायम राहिला.

कोणता मार्ग कोणासाठी

चारही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत, पण त्यांतून शिकायला मिळते ते वेगवेगळे. कक्षा, इंधन आणि मुहूर्त यांचे गणित समजून घ्यायचे असेल, तर कर्बल स्पेस प्रोग्राम किंवा मार्टिन श्वाइगर यांनी तयार केलेले, मोफत मिळणारे ‘ऑर्बिटर’ हे सिम्युलेटर वापरावे. ऑर्बिटरमध्ये सूर्यमाला खऱ्या मापाची आहे. मार्ग, वाटमारी आणि व्यापार यांतले डावपेच पाहायचे असतील, तर ईव्ह ऑनलाइन. आणि तारामंडळ किती विशाल आहे ते अनुभवायचे असेल, तर एलिट डेंजरसमध्ये असिस्ट बंद ठेवून, स्वतःच्या हाताने यान चालवत बाहेरच्या एखाद्या ग्रहापर्यंत जावे. शाळा-महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनीही या गेमचा उपयोग जरूर करून पाहावा. विद्यार्थी सूत्र विसरेल, पण वेग वेळेत न मारल्यामुळे हातातून निसटलेला ग्रह त्याच्या कायम लक्षात राहील.